टायरची आतली कड

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय आपापला निवडा म्हणाले. सकाळपासून मधुमेह झाला, म्युच्युअल फंड झाले, मुलांचं परदेशी शिक्षण झालं. मी टायरबद्दल बोलणार आहे. हसू नका. माझी पदवी मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची, त्यामुळे गेल्या वीस वर्षांत ऑफिसात माझ्यासमोर कुणी स्प्रिंग हा शब्दसुद्धा त्याच्या खऱ्या अर्थानं उच्चारलेला नाही. आज माईक हातात आलाय, सोडणार नाही. शिवाय या विषयातला माझ्यापेक्षा जास्त जाणकार याच सभागृहात बसलाय. आपल्याच वर्गातला, शेवटून दुसऱ्या बाकावरचा. गेली पंचवीस वर्षं त्याचं कोल्हापुरात व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. ‘माझं नाव घेतलंस तर उठून जाईन’ म्हणालाय, म्हणून घेत नाही. ओळखायचं त्यांनी ओळखलंच आहे.

विषय आहे गाडी ‘खाली घेणं’. ज्यांच्या घरी विशीतला मुलगा आणि दारात गाडी आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. कंपनीतून आलेल्या गाडीत चाक आणि त्यावरची मडगार्डची कमान यांच्यामध्ये चार बोटं मावतील एवढी जागा असते. पोरांना ती जागा बघवत नाही. मग मूळ स्प्रिंग काढून आखूड आणि थोड्या कडक स्प्रिंगा बसवतात. पैसे नसतील तर मूळ स्प्रिंगचाच एखादा वेढा ग्राइंडरनं कापतात. गाडी तीस-चाळीस मिलिमीटर खाली बसते. दिसते छान, हे मी मान्य करते. दबा धरून बसलेल्या जनावरासारखी दिसते.

माझ्या भाच्यानं हे केलं. त्याची परवानगी घेऊन सांगते आहे. पुण्यात एका दुकानात चाळीस मिलिमीटरच्या स्प्रिंगा टाकून घेतल्या. काम झाल्यावर अलाइनमेंट करा असं त्याला कुणी सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. नंतर बारा हजार किलोमीटर गाडी चालवली. जुलैमध्ये आईला आणि आजीला, म्हणजे माझ्या बहिणीला आणि माझ्या आईला घेऊन तो पावसात खंबाटकी घाटातून कोल्हापूरला आला. गाडी जरा उजवीकडे ओढते म्हणाला, म्हणून मी त्याला आपल्या या मित्राच्या दुकानात घेऊन गेले. भाचा म्हणाला, ‘मावशी, टायरला काही झालेलं नाही, नक्षी बघ की केवढी आहे.’ खरंच होती. उभं राहून बघितलं तर टायर निम्मासुद्धा झिजलेला नव्हता.

आपल्या मित्रानं काहीच बघितलं नाही. स्टेअरिंग पूर्ण वळवायला लावलं, खाली बसला आणि तळहात टायरच्या आतल्या कडेवर ठेवला. मग मला म्हणाला, ‘तू पण हात घाल. जपून घाल, तारा निघाल्यात.’ बाहेरच्या बाजूला पाच मिलिमीटर नक्षी, आणि आतली दोन बोटं रुंद पट्टी पार गोटा. त्या पट्टीत एके ठिकाणी रबर संपून टायरमधल्या पोलादी तारा बाहेर आल्या होत्या. नवीन टायरला साधारण आठ मिलिमीटर नक्षी असते आणि कायद्यानं १.६ मिलिमीटरला टायर संपला असं धरतात. इथे एकाच टायरची एक कड या दोन आकड्यांच्या मध्ये होती आणि दुसरी पार संपलेली. ‘ह्या टायरवर म्हातारीला घेऊन घाट उतरलास?’ एवढंच तो भाच्याला म्हणाला. भाच्याचा चेहरा उतरला. तारा उघड्या पडल्या की त्यांना पाणी लागतं, गंज चढतो, आणि तो टायर शंभरच्या वेगात कधी फुटेल याचा भरवसा देता येत नाही.

आता हे झालं कसं? गाडी तर फक्त खाली आली होती. चाकं वाकडी कुणी केली?

कुणीच केली नाहीत, ती आपोआप झाली. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट नावाची रचना असते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ती कल्पना. १९५० मध्ये इंग्लंडच्या फोर्डनं कॉन्सुल आणि झेफर या गाड्यांत ती वापरली आणि पुढे जगभर पसरली, कारण ती स्वस्त आहे, हलकी आहे आणि इंजिनाला जागा सोडते. त्यात चाकाला वरून शॉकअॅब्सॉर्बर आणि स्प्रिंगचा खांब धरतो, आणि खालून एकच आडवा हात धरतो. गॅरेजमध्ये त्याला लोअर आर्म म्हणतात. हा हात गाडीच्या सांगाड्याला बिजागरीसारखा जोडलेला असतो. म्हणजे त्याचं बाहेरचं टोक सरळ वर-खाली जात नाही, कंसात फिरतं.

घड्याळाचा काटा डोळ्यांसमोर आणा. काटा चारवर आहे. तो उलटा, तीनकडे नेला तर टोक वर तर जातंच, पण मध्यापासून बाहेरही सरकतं. तीनच्या पुढे दोनकडे गेला की तेच टोक आत यायला लागतं. कंपनीतून आलेल्या गाडीत हा हात साधारण तीन आणि चारच्या मध्ये, किंचित खाली झुकलेला असतो. गाडी खाली घेतली की सांगाडा खाली येतो, चाक मात्र जमिनीवरच राहतं. म्हणजे हाताच्या दृष्टीनं चाक वर गेलं. टोक बाहेर सरकलं, त्यानं चाकाचा खालचा भाग बाहेर ढकलला. वरचा भाग खांबानं धरून ठेवलेला. चाक वरून आत कललं. समोरून बघितलं तर गाडी फेंगडी उभी आहे असं वाटतं. या कलण्याला कॅम्बर म्हणतात, आणि वरून आत कललं असेल तर तो उणे.

भाच्याच्या गाडीचा अलाइनमेंटच्या मशीनवरचा कागद मी जपून ठेवलाय. कॅम्बर डावीकडे उणे १.८ अंश, उजवीकडे उणे १.६. मूळ गाडीला अर्ध्या अंशाच्या आसपास असायला हवा होता. मी लगेच म्हटलं, सापडला चोर. आपला मित्र म्हणाला, ‘हा चोर नव्हे, चोराचा भाऊ. खाली बघ.’

खाली टोचा आकडा होता. टो म्हणजे वरून बघितल्यावर चाकांची बोटं कुठे वळली आहेत ते. काही माणसं चालताना पाऊल बाहेर टाकतात ना, तसं. दोन्ही पुढची चाकं प्रत्येकी पाव अंश बाहेर वळली होती. पाव अंश! कंपासपेटीतल्या कोनमापकावर जी सगळ्यात बारीक रेघ असते, तिच्याही चौथा भाग.

हे कुठून आलं? स्टेअरिंगमधून चाकाला वळवणारा एक दांडा येतो, टाय रॉड. तोही एका टोकाला सांगाड्याकडे आणि दुसऱ्या टोकाला चाकाकडे जोडलेला, म्हणजे तोही घड्याळाचा काटाच. पण त्याची लांबी वेगळी आणि फिरण्याचा मध्यही वेगळा. भूमितीच्या सरांनी फळ्यावर लाकडी कंपासनं दोन वेगळ्या त्रिज्यांचे कंस काढलेले आठवतात? एका बिंदूपाशी जवळजवळ एकमेकांवर बसतात आणि पुढे फाकत जातात. गाडीचा आराखडा करणारे लोक हे दोन कंस गाडीच्या मूळ उंचीच्या आसपास शक्य तितके जुळवून ठेवतात. आपण गाडी चाळीस मिलिमीटर खाली आणली की आपण त्या फाकलेल्या भागात जाऊन उभे राहतो, आणि दांडा चाकाला थोडं वळवून ठेवतो. कुठल्या दिशेला, ते स्टेअरिंगचा रॅक कुठे आहे त्यावर अवलंबून. भाच्याच्या गाडीत बाहेरच्या दिशेला.

पाव अंश म्हणजे किती, हे मी त्या दुकानातच बसून काढलं. साठ सेंटिमीटर व्यासाच्या टायरवर पुढच्या आणि मागच्या कडेत जेमतेम अडीच मिलिमीटरचा फरक. पण चाक सरळ जायचं असताना पाव अंश तिरकं धरलं, तर प्रत्येक किलोमीटरला ते जवळपास ४.४ मीटर आडवं ओढलं जातं. बारा हजार किलोमीटरला गुणा. बावन्न किलोमीटर होतात. म्हणजे पुण्या-मुंबईच्या फेऱ्या मारता मारता त्या टायरनं कोल्हापूर ते सांगली एवढं अंतर आडवं घासत पार केलं होतं. हे गणित ढोबळ आहे हे मला माहीत आहे. रबर लवचीक असतं, रस्त्याला टेकलेला भाग आधी वाकतो आणि मागच्या टोकाला घसरतो. पण दिशा आणि अंदाज बरोबर आहे. भाचा इतका वेळ आम्हा दोघांकडे सवयीनं बोलणारी वडीलधारी माणसं म्हणून बघत होता. या आकड्यानंतर तो कागद त्यानं स्वतः हातात घेतला.

नुसता कॅम्बर असता तर इतकं झालं नसतं. कललेलं चाक हे टेबलावर आडव्या ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यासारखं असतं. पेल्याला ढकललं तर तो सरळ जात नाही, गोल फिरतो, कारण एक कड लहान आणि एक मोठी. चाकाला गोल फिरू न देता सरळ नेलं की थोडं घासणं होतंच, आणि वजन आतल्या कडेवर जास्त येतं. पण हे झिजणं सावकाश असतं. दीड अंश कॅम्बर आणि टो अगदी शून्य असलेल्या गाड्या टायर बऱ्यापैकी टिकवतात. टो बिघडला की रबर सोलून निघतं, आणि कॅम्बर उणे असेल तर ते सोलणं नेमकं आतल्या कडेवर, जिथे कुणी बघत नाही तिथे, गोळा होतं. दोघे मिळून टायर खातात, पण मोठा घास टोचा असतो. गाडी खाली घेऊन अलाइनमेंट न करणं म्हणूनच इतकं महागात पडतं. कारण बहुतेक गाड्यांत टो हा टाय रॉडवरची नट सोडून अर्ध्या तासात सरळ करता येतो! कॅम्बरला मात्र मूळ रचनेत बहुधा सोय नसते; त्यासाठी वेगळे, केंद्रापासून सरकलेले बोल्ट टाकावे लागतात.

मागच्या टायरांचं काय, असं कुणी विचारेल. अशा बऱ्याच गाड्यांत मागे दोन चाकांना जोडणारी एक पिळदार आडवी तुळई असते. गाडी दोन्ही बाजूंनी सारखी खाली आली तर तिथे कॅम्बर आणि टो फारसे हलत नाहीत. भाच्याचे मागचे टायर उत्तम होते. त्यामुळेच त्याला वाटत राहिलं की सगळं ठीक आहे.

आता खाली घेण्याच्या बाजूनंही बोलते, नाहीतर भाचा म्हणेल मावशीनं एकतर्फी भाषण केलं. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण अर्ध्या मीटरवर असतो. चाळीस मिलिमीटर खाली म्हणजे आठ टक्के कमी. वळणावर बाहेरच्या चाकांवर सरकणारं वजन त्याच प्रमाणात कमी होतं. हा फायदा खरा आहे, शर्यतीच्या गाड्या उगाच जमिनीला चिकटलेल्या नसतात. पण मॅकफर्सन रचनेत एक गोम आहे. गाडी वळताना ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते तो बिंदू त्या लोअर आर्मच्या कोनावर ठरतो, आणि गाडी खाली आली की तो गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढतं. म्हणजे स्प्रिंग पुरेशी कडक नसेल तर खाली घेतलेली गाडी वळणावर मूळ गाडीपेक्षा जास्त झुकू शकते. शर्यतीवाले त्यासाठी हाताची सांधेजोडही बदलतात. आपली पोरं फक्त स्प्रिंग बदलतात.

आणि स्प्रिंग किती कडक असायला हवी? हूकचा नियम आठवा. दाबलेल्या स्प्रिंगमधली ऊर्जा दाबलेल्या अंतराच्या वर्गावर जाते. समजा मूळ गाडीत खड्डा गिळायला ऐंशी मिलिमीटर जागा होती. चाळीस तुम्ही आधीच वापरलीत. उरलेल्या निम्म्या जागेत तोच खड्डा गिळायचा तर स्प्रिंग चौपट कडक हवी. बाजारातली स्प्रिंग चौपट कडक नसते, तशी असती तर गाडीत बसवणार नाही. मग उरलेला धक्का शॉकअॅब्सॉर्बरवरच्या रबरी ठोकळ्यावर जातो. तो ‘ठक्’ असा आवाज तुम्ही ऐकला असेल. त्या क्षणी स्प्रिंग नसल्यातच जमा असते, सगळा मार टायर खातो. टायरच्या भिंतीला येणारे फुगे बऱ्याचदा असेच येतात.

वेढा कापणाऱ्यांबद्दल वेगळं बोलायला हवं. स्प्रिंग कापली की ती आखूड होते आणि थोडी कडकही होते. सहा कामाच्या वेढ्यांतला एक कापला तर कडकपणा वीस टक्क्यांनी वाढतो. पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक खड्ड्यात लोंबलं की स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. गॅसनं कापली तर पोलादाचं पाणी उतरतं ते वेगळंच. आखूड स्प्रिंगा हा शौक आहे, त्यावर वाद घालता येईल. हे मात्र करूच नये, आणि करणाऱ्या मेकॅनिकच्या दारात उभं राहू नये.

स्पीडब्रेकरचा हिशेब तोंडी करता येतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे तो दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, ऐसपैस हवा. आपल्या गावोगावचे कसे असतात ते तुम्ही जाणता. गाडीखाली मूळ १६५ मिलिमीटर जागा, त्यातून चाळीस गेली, पाच माणसं बसली की आणखी तीसेक गेली. उरलं काय! दिव्यांचंही तसंच. गाडी सारखी खाली आली तरी दिवा खाली येतो. ६५ सेंटिमीटरवरचा दिवा एक टक्का उतारानं ६५ मीटरवर जमिनीला टेकत असेल, तर आता तो ६१ मीटरवर टेकतो. फार नाही, पण पावसाळी रात्री चार मीटर कुणाला नको असतील?

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल चालत नाहीत, आणि विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येऊ शकतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात तर गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या तळाखाली येता कामा नये असा नियम होता. त्यामागे अभियंत्याला पटेल असं कारण आहे: टायर बसला आणि गाडी रिमवर आली, तरी अंग रस्त्याला लागू नये. तिथल्या शौकीन मंडळींनी त्यावर हायड्रॉलिक पंप बसवून उत्तर शोधलं. पोलीस दिसला की बटण दाबून गाडी वर. आपल्या भाच्यांना ही कल्पना देऊ नका.

भाच्याच्या गाडीचं पुढे काय झालं ते सांगते. पुढचे दोन्ही टायर गेले. बहीण म्हणाली मूळ स्प्रिंगा बसव, तो नाही म्हणाला. घरात चार दिवस अबोला होता. शेवटी आपल्या मित्रानं तोड काढली. पंचवीस मिलिमीटरवाल्या स्प्रिंगा, कॅम्बरचे बोल्ट, टो शून्यावर, आणि दर पाच हजार किलोमीटरला खोली मोजायचं मापक घेऊन तीन ठिकाणी मोजायचं: आत, मध्ये, बाहेर. पहिल्या पाच हजारांनंतर भाच्यानं मला आकडे पाठवले. नवीन असताना सगळीकडे ७.५ होते, आता आत ६.६, बाहेर ६.९. मी त्याला आमच्या ऑफिसच्या पद्धतीनं तक्ता करून दिलाय. माझी आई त्या गाडीत बसते. बहीण अजून बसत नाही, आणि मला तिचंही पटतं. हरवलेली जागा कुठल्याही अलाइनमेंटनं परत येत नाही, पंधरा मिलिमीटर तेवढे परत आले.

टायर वाचायची कला मात्र आपल्या मित्राकडूनच शिकावी. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत, तर हवा कमी. मध्य झिजला तर हवा जास्त. एकच कड सपाट झिजली तर कॅम्बर. पृष्ठभागावर आडवा तळहात फिरवला आणि एका दिशेला गुळगुळीत, उलट दिशेला करवतीसारखं लागलं तर टो. घेराभर थोड्या थोड्या अंतरावर खळगे असतील तर शॉकअप गेले. हे त्याला मशीन यायच्या आधीपासून येतं. पाचवीत बाईंनी ज्याला ‘तुझं लक्ष कुठे असतं’ म्हणून उभं केलं होतं, त्याचं लक्ष कुठे होतं ते मला त्या दिवशी कळलं, आणि बाई, तुम्हीही आज त्याच्या दुकानाला भेट द्या, पाच मिनिटांवर आहे.

माझी पंधरा मिनिटं संपली. चहानंतर ज्यांनी गाड्या आणल्या आहेत त्यांनी जरा मैदानात थांबा. गाडी खाली घेतलेली असो वा नसो. इंजिन बंद करा, हॅन्डब्रेक लावा, त्याआधी स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून ठेवा म्हणजे आतली कड दिसेल. तारांच्या भीतीनं तो स्वतःच हात घालणार आहे, तुम्ही फक्त बघा. मापक त्यानं आणलंय, आणि हात पुसायला चिंध्याही.